वीतभर बांध

आमच्या शेजारी तलावाच्या कामावरून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहत. इंजिनियरिंगच्या प्रबंधासाठी मी बांधाचं गणित मांडलं, की ते अंगणात त्याच प्रमाणात वीतभर उंचीचा मातीचा बांध घालत, अंगठ्याने चेपत आणि "बघू की" एवढंच म्हणत.

प्रबंध पुण्याला धाडायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी एकुलती एक प्रत बांधाच्या कोरड्या बाजूला पायथ्याशी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला घागर ओतायला लागले. पाणी काठोकाठ चढलं. मी झडप घालून कागद उचलले.

बांध फुटला नाही.

मिस्त्रींनी घागर खाली ठेवली. "टिकला की! पर तुजाच भरवसा न्हाय त्याच्यावर. खरा बांध घालशील तवा खाली गाव आसंल. ते कसं उचलशील?"