भूलबाईंनी एसी बंद केला तेव्हा

सोसायटीत बातमी फिरली, की आमच्या वरच्या मजल्यावरच्या भूलबाईंनी ऑपरेशन थिएटरचा एसी बंद करून रंगाऱ्याला उकडून काढलं. सेक्रेटरी तर जिन्यात अडवून सांगत होते, "माणूस आधीच अर्धमेला, त्यात वर पांघरुणं!"

अर्धं खरं. एसी बंद केला होता. रंगारी मात्र उकडला नाही, उलट गारठला होता, आणि तेही सेक्रेटरींच्याच कृपेने. आमच्या इमारतीला रंग देताना तो परांचीवरून पडला. पोटाला आतून मार. सेक्रेटरींनी शुद्धीवर आणायला त्याच्यावर बादलीभर गार पाणी ओतलं आणि वर टेबलफॅन लावला. हौस दांडगी!

भूलबाई म्हणजे इस्पितळातल्या भूलतज्ज्ञ. नाव मीच ठेवलंय. त्या दिवशी ड्यूटी त्यांचीच होती. पोट उघडलं तर रक्त गोठेचना. सुई टोचलेल्या जागेतूनही झिरपायला लागलं. बाहेर बाकावर रंगाऱ्याची बायको त्याचे रंगाने माखलेले बूट मांडीवर घेऊन बसलेली. नवरा वाचतो का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

बाईंचं म्हणणं, गार पडलेलं रक्त गोठायचं विसरतं, आणि नुसतं सलाईन ओतलं की आणखी पातळ होतं. म्हणून एसी बंद, अंगावर गरम हवेचं पांघरूण, चढवायचं रक्त कोमट करून, आणि जोडीला रक्त गोठायला मदत करणारे प्लाझ्मा अन् प्लेटलेट्स. पुढचं मला सर्जननेच हसत हसत सांगितलं.

"बाई, मी वितळतोय."

"वितळा. ह्याचं रक्त गोठू दे."

"एवढं फाटलेलं आतडं जोडतो नि झालं."

"आतडं थांबेल हो, रक्त थांबत नाहीये. घड्या दाबा आणि बाहेर या."

सर्जन शहाणा. कापडाच्या घड्या पोटात दाबल्या, पोट तात्पुरतं झाकलं आणि रंगाऱ्याला आयसीयूत हलवलं. अंगात ऊब आली तसं झिरपणं थांबलं. आतडं मग पुन्हा थिएटरात नेऊन सावकाश जोडलं.

परवा रंगारी बायकोला घेऊन बाईंकडे आला. पोटावरचा व्रण कौतुकाने दाखवून झाला आणि त्याने हळूच विचारलं, "बाई, परत परांचीवर चढू का?" बायकोने डोळे वटारले.

भूलबाई म्हणाल्या, "चढ की. पण पुढच्या वेळी भूल तुझी बायको देईल, आणि ती सुई वापरत नाही."