दोन काचांची खिडकी आणि माझी मिशी

माझ्या घरातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे खिडकी, आणि ती उघडत नाही.

मोबाईल नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. रेल्वेच्या बदलीनं आम्ही भुसावळचे जयपूरला आलो आणि दुर्गापुऱ्यात रुळाजवळ घर बांधलं. दिवसभर गाड्यांचे भोंगे, वर आंधी! वरणात मिठापेक्षा वाळू जास्त! म्हणून मी अख्खा बोनस घालून दोन काचांची सीलबंद खिडकी बसवली. बायकोला, म्हणजे कुसुमला, फ्रिज हवा होता.

"ही बिघडली, तर पुढचा बोनस फ्रिजचा!" ती म्हणाली.

"बिघडली तर मिशीसुद्धा उतरवीन!" (मिशीचं कुणी विचारलं होतं? तेही शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात!)

दिवाळी शांततेत गेली. थंडी पडली आणि काचेवर धुकं धरलं. मी आतून पुसलं. जाईना. कुसुमला फडकं देऊन बाहेर उभं केलं.

"तुझ्या बाजूनं आहे!" मी ओरडलो.

तिनं तोंड हलवलं. काही ऐकूच येईना! (खिडकी चांगलीच होती हो!) मग ती फिरून घरात आली आणि म्हणाली, "तुमच्या बाजूनं आहे." मी बाहेर गेलो. तिकडूनही धुकं पलीकडेच! अर्धा तास आम्ही एकमेकांना काचेतून शिव्या दिल्या, आणि एकही पोचली नाही.

शेवटी कळलं, पाणी दोन काचांच्या मधे आहे. माझं डोकंच सणकलं! दुकानदाराला घरी बोलावलं. शेजारचे शर्माजी साक्षीला उभे केले.

"भैया, काच विकता का धुकं विकता? सील म्हणे! गरिबाला लुटता?"

"सील अपने आप नहीं टूटती, साहब," दुकानदार म्हणाला.

"मग काय मी तोडली?"

कुसुम वर बघत होती. आमचा आकाशकंदील अजून चौकटीला लटकत होता. उतरवायचा मलाच कंटाळा.

"अहो, हा टांगायला खिळा केवढा मारला होता?"

"असेल की... बोटाएवढा."

"आणि चौकट केवढी जाड?"

मी शर्माजींकडे बघितलं. शर्माजी कंदिलाकडे बघत होते. दुकानदारानं खिळा उपटला. टोकाला काचांच्या कडेच्या सीलचा काळा रबर चिकटलेला!

"भाईसाहब," शर्माजी हळूच म्हणाले, "मूंछ का क्या हुआ?"

पुढच्या बोनसला फ्रिज आला. खिडकी तशीच आहे. बदलायची नाही म्हणून मीच हट्ट धरलाय. काच आता इतकी धुरकट झालीय, की बिनमिशीचा मी रस्त्यावरून कुणाला दिसत नाही!