मामाजींचं फाटक

माझी आणि माझ्या सासऱ्यांची पहिली भेट बंद फाटकापाशी झाली. लग्न आमच्या गावी, फुलचूरच्या पलीकडे लागलं, आणि मुलाचा बापच लग्नाला नव्हता! रेल्वेत रजा मिळाली नाही म्हणे. वरात परत निघाली, तर गोंदियात शिरताना छोट्या लायनीचं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीचं, फाटक बंद. आत निळा कोट घातलेला एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा. माझे मामा रेंगीतून, हलक्या बैलगाडीतून, उतरून ओरडले, "अहो समधी, तुमचीच सून होये! घरात घ्याची वेळ टळून राहिली!" त्या माणसानं मानसुद्धा वळवली नाही. "सून असन तं थांबन," तो म्हणाला. "मालगाडी कोनाची सून नाई, ते थांबत नाई." घुंगटाच्या आत मी रागानं लाल झाले होते. कसल्या घरात पडले बाई, असं वाटलं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात बोलायला मामाजीच. आणि त्यांचं बोलणं म्हणजे तीन सवाल. दार वाजलं की आतूनच विचारायचे, "कोन? कोठून? कायले?" दूधवाला असो, नात्यातला असो, मी विहिरीवरून घागर घेऊन आलेली असो, सुटका नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "मामाजी, डोक्यावर पाणी आहे, कोण म्हणून काय विचारता?" तर म्हणाले, "इचारलं नाई तं फाटक कायले म्हनाचं? भिताडात भोक पाडलं तरी चालते." दार उघडलं की आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, आणि मग म्हणायचे, "साफ हाये." तेव्हा कुठे माणसानं आत यायचं.

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार दिवस कळली नव्हती. फाटक लावलं की ते माणसांकडे पाठ करायचे. मला वाटायचं, माणूस घुमा आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, "मानसं शिव्या देतेत, पन मारत नाई. मारते ते गाडी. म्हनून तोंड गाडीकडं." नोकरी संपून घरी बसले तरी कोट खुंटीला होता आणि लाल-हिरव्या झेंड्या त्याच्या खिशात. त्या रेल्वेत जमा करायच्या असतात, पण बोलायची हिंमत कोणाची?

आमचा मोहल्ला पत्तीटोली. विडीच्या पानांच्या गोदामाला लागून वसलेला. एका बाजूला गोदामाची भिंत, मागे बोडीचं, म्हणजे तळ्याचं, पाणी, आणि रस्त्याकडे उघडणारं एकच तोंड. रस्त्याच्या एका टोकाला छोटी लाईन. घरोघरी बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. बेचाळीस साली पुढारी तुरुंगात गेले, गावात हरताळ झाला, आणि आमच्या टोलीतल्या पोरांनी गल्लीच्या तोंडाशी बैलगाड्या आडव्या लावून जाहीर केलं की इथून आत इंग्रजाचं राज्य नाही. गोदामाच्या भिंतीवर चुन्यानं तसं लिहिलंही. त्या पोरांचा म्होरक्या जना, विडी कामगारांचा पुढारी, बोलायला विस्तव. तो मामाजींकडे आला. "बुढा, फाटक तुमीच सांभारा. दुसऱ्याचं काम नाई." मामाजींनी खुंटीवरचा कोट काढला. "राज कोनाचंबी असो," म्हणाले, "फाटक एकाच मानसाच्या हातात पायजे."

त्यांनी आपली पद्धत बसवली. गाड्यांपाशी पोरं उभी करून शिकवलं : लाल झेंडी म्हणजे बंद, हिरवी दिसली की बोलायचं नाही, विचारायचं नाही, गाड्या हटवायच्या. तांदळाचं पोतं आलं, दुधाची बरणी आली, की मामाजींचे तीन सवाल, मग हिरवी, मग गाड्या बाजूला आणि पुन्हा आडव्या. शिपाई, तलाठी, गोदामाचा मुनीम, सगळे बाहेर. खरं सांगू? पहिले काही दिवस मजाच होती. सगळ्यांचा भात एका चुलीवर शिजायचा. नवरा-बायकोचं भांडण पंचांसमोर जायचं आणि पंचांत दोन बाया होत्या. शेजारची पार्वताबाई, जी घरात तोंड उघडत नव्हती, ती तिथे बसून बाप्यांना झापायची. आपलं राज्य असंच असेल काय, असं मला वाटायचं.

पण मला सुखानं झोप लागत नव्हती, कारण माझे हे पोलिसात होते. गोंदियाच्या ठाण्यात शिपाई. रजा बंद, घरी येणं बंद. बाप आत फाटकावर आणि मुलगा बाहेर बंदूक घेऊन, आणि मधे मी. विहिरीवर गेले की बाया गप्प व्हायच्या. पार्वताबाई एकदा तोंडावर म्हणाली, "तुह्या नवऱ्याले चिठ्ठी-बिठ्ठी तं नाई ना पाठवून राहिली?" मी म्हटलं, "मला लिहिता येत असतं तर तुझ्याच कागाळ्या लिहिल्या असत्या!" ती हसली, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रस्त्यावर कुठे लारीचा घरघराट झाला की मांडीवरचं सूप टाकून मी दाराशी यायचे. दुसऱ्या गावांत गोळ्या चालल्याच्या बातम्या रोज येत. तांदूळ संपत आला होता. पोरं घरांवर गोटे जमा करून ठेवत होती, आणि मला एकच दिसायचं : हे बंदूक रोखून उभे आहेत आणि समोर निळा कोट.

अशात एका दुपारी हे आले. वर्दी नाही, धोतर-सदरा, डोक्याला टॉवेल. मी गाड्यांच्या अलीकडे मामाजींना भाकर द्यायला आले होते. मामाजींनी पोटच्या पोराला विचारलं, "कोन?"

"बाबा, मी."

"मी म्हंजे कोन?"

यांनी नाव सांगितलं. बापाला नाव सांगावं लागलं.

"कोठून?"

"ठान्यातून."

"कायले?"

"तुमाले न्यायले. उद्या सकारी लारी येनार हाये, बाबा. नाई हटले तं गोळी चालवाचा हुकूम हाये. मलेबी लारीत बसाचं हाये."

मामाजींनी रस्ता डावीकडे-उजवीकडे पाहून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाईले घेऊन जा."

"मी काय पोतं आहे?" मी म्हटलं. आवाज माझाच आहे यावर माझा विश्वास बसेना. "इकडचं उचला नि तिकडे ठेवा! मी गेले तर टोली म्हणेल शिपायानं बायको काढून नेली, आता गोळी चालणार. सगळ्यांचा धीर सुटेल." मग यांना म्हटलं, "तुम्ही येऊ नका उद्या. पोटात दुखतं म्हणून पडून राहा."

"मी नाई आलो तं दुसरा येईन," हे म्हणाले. "दुसऱ्याले माहा बाप काय माईत?" डोळे पुसत गेले. मामाजींनी त्यांना आत घेतलं नाही, आणि हिरवी झेंडीही काढली नाही. पण मी दिलेली भाकर तशीच हातात राहिली. मग त्यांनी जनाला सारं सांगितलं. लपवलं नाही. जना म्हणाला, "मंग? तुमाले हटाचं हाये?" मामाजी म्हणाले, "मी फाटकावर हावो तवरिक एक गोटा नाई पडला पायजे. एवढंच."

सकाळी मामाजींनी कोटाची सगळी बटणं लावली. गाड्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. उजव्या हातात लाल, डाव्या हातात गुंडाळलेली हिरवी. मी गोदामाच्या भिंतीला चिकटून उभी होते आणि देवाला काय मागावं तेच कळत नव्हतं. लायनीच्या उलट टोकाकडून लारी आली. सुसाट आली. मामाजींनी लाल झेंडी वर केली, आणि लारी कच्चकन थांबली! ड्रायव्हर गोंदियाचाच होता. या गावात जन्मलेल्या माणसाचा पाय लाल झेंडी बघून आपोआप ब्रेकवर दाबला जातो. साहेब त्याच्यावर खेकसत खाली उतरला. मामाजी त्याच्यापुढे गेले आणि गोंदियाच्या हिंदीत विचारलं, "कौन? कहाँ से? किसलिये?" घरांवरून कोणीतरी फिसकन हसलं. साहेबानं हातानं खूण केली. शिपाई उतरले, ओळीत उभे राहिले. हे त्यांत होते. बंदुका वर झाल्या. यांची बंदूक बापाच्या निळ्या कोटावर रोखलेली, ते मला भिंतीपासून दिसत होतं.

आणि त्याच वेळी छोट्या लायनीवर गाडीनं शिटी दिली.

मामाजी वळले. बंदुकांकडे पाठ केली, लायनीकडे तोंड केलं, आणि डावा हात वर करून हिरवी झेंडी सोडली. जन्मभर दिली तशी. पोरांना हिरवी दिसली. बोलायचं नाही, विचारायचं नाही, असं त्यांनीच शिकवलेलं. पोरांनी गाड्या हटवल्या.

काय झालं ते कळायच्या आत शिपाई आत शिरले. जना घरावरून ओरडत राहिला, "बंद करा! बंद करा!" पण फाटक उघडं पडलं होतं. लाठ्या चालल्या, डोकी फुटली, जनाला आणि कितीतरी पोरांना बांधून नेलं, भिंतीवरचा चुना पुसला. पण गोळी एकही चालली नाही. जाताना जना मामाजींच्या पायाशी थुंकला. मामाजी हिरवी झेंडी हातात धरून तसेच उभे. गाडी केव्हाच निघून गेली होती.

त्यानंतरची वर्षं वाईट गेली. टोलीनं आमच्याशी बोलणं टाकलं. कोणी म्हणे शिपायाच्या बापानं सौदा केला, कोणी म्हणे म्हातारा चळला. मामाजींनी एका शब्दानं खुलासा केला नाही. कोट पुन्हा खुंटीला गेला आणि दारावरचे तीन सवालही बंद झाले. दार वाजलं तर मलाच म्हणायचे, "पाय बरं कोन हाये." हे रात्रपाळीवरून येऊन बापाशेजारी गुपचूप बसायचे. मला ती शांतता सहन होईना. शेवटी एक दिवस मी विचारलंच, "मामाजी, खरं सांगा. ती हिरवी झेंडी सवयीनं वर गेली की मुद्दाम?"

त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "मले माईतच नाई, सूनबाई," म्हणाले. "हात कोनं उचलला? फाटकवाल्यानं, का बापानं? रोज इचारतो. हात सांगत नाई." आणि ते रडले. मी त्यांना रडताना तेवढंच एकदा पाहिलं.

स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळी दार जोरात वाजलं. मी फटीतून पाहिलं तर जना! तुरुंगातून सुटून बरेच दिवस झाले होते, पण आमच्या दारापुढून जाताना मान फिरवायचा. मामाजींना सांगितलं, तर म्हातारा उठला, दारापाशी गेला, आणि इतक्या वर्षांनी विचारलं, "कोन?"

"जना."

"कोठून?"

"जेलातून आलो, अजून कोठून!"

"कायले?"

"तुमाले न्यायले," जना म्हणाला. "टोलीत झेंडा चढवून राहिलो. माफ करायले नाई आलो, समजलं का? पन त्या दिवशी फाटक तुमचं होतं. आजबी तुमीच पायजे."

"माफी मी मांगतबी नाई," मामाजी म्हणाले. दार उघडलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "साफ हाये." आणि कोट मागितला.

गल्लीच्या तोंडाशी, जिथे गाड्या आडव्या होत्या तिथेच, बांबू रोवला होता. सारी टोली जमली होती. हे वर्दीत आले होते आणि कोपऱ्यात चोरासारखे उभे होते. पार्वताबाईनंच त्यांना हाताला धरून पुढे ओढलं. जनानं दोरी ओढली, झेंडा उघडला, माणसं ओरडली, बाया रडल्या. मीही रडले. आणि पाहिलं तर सगळ्यांच्या माना वर, एकटे मामाजी झेंड्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभे.

मी जवळ जाऊन म्हटलं, "मामाजी, वर पाहा ना. आपला झेंडा आहे."

"पाहून राहिले ना तुमी सारे," ते म्हणाले. नजर रस्त्यावरून हलली नाही. "मी रस्ता पाहतो."