सावलीतली ट्यूब, उन्हातली ट्यूब

शाळेच्या वाटेवर पंक्चर काढणाऱ्या एका गृहस्थांचं दुकान आहे. त्यांचं नाव मला माहीत नाही. हवा मोजायचा काटा खिळ्याला टांगलेला असतो, पण ते आधी अंगठ्यानं टायर दाबून बघतात. भर उन्हातून गाडी नेली तर हवा भरतच नाहीत.

"बसा बाई. तापलाय त्यो. तापलेला टायर खोटं बोलतोय."

त्या दुपारी मी चिडूनच बसले. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतल्या वायूचा धडा शिकवताना एका मुलीनं विचारलं होतं, वायूच्या दाट थंड ढगांच्या शेजारी विरळ वायू चिरडला कसा जात नाही? तो फार तापलेला असतो, एवढंच मी म्हणाले. तिला ते पटलं नाही, आणि मला पुढं सांगता आलं नाही.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी एका जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून ती सावलीत ठेवली. दुसरीत थोडी कमी भरली आणि ती लिबलिबीत ट्यूब उन्हातल्या पत्र्यावर टाकली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दाबा आता."

दोन्ही सारख्याच टणक लागल्या.

"हिच्यात हवा कमी हाय, पर तापलीया. जोर त्योच की."

उद्या वर्गात काय न्यायचं ते मला कळलं. "आभाळातही असंच असतं," मी म्हणाले.

ते जरा वेळ वर बघत राहिले. "म्हंजे तिथलं बी बरं चाललंय म्हणायचं." मग माझ्या टायरवर त्यांनी अंगठा ठेवला.

"आता खरं बोलतोय."