ऑर्किडचं भाजलेलं पान

खारघरला आमच्याकडे राहायला आल्यावर सासऱ्यांनी एकच काम मागून घेतलं होतं: बाल्कनीतल्या ऑर्किडची देखभाल. जन्म उरणकडच्या मिठागरात राबण्यात गेलेला. गुडघे गेले, तरी नुसतं बसून राहणं त्यांना जमत नाही.

मे महिन्यात मी चार दिवस माहेरी गेले, तेवढ्यात त्यांनी कुंडी सावलीतून उचलून थेट कठड्याजवळ, पश्चिमेच्या उन्हात ठेवली. ऊन तापलं तरच मीठ पिकतं, हे आयुष्यभर पाहिलेला माणूस. ऊन झाडाला जाळेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. मी परत आले तर वरच्या एका पानावर पांढुरका चट्टा आणि त्याच्या मधोमध काळं पडलेलं.

"फंगस आहे. फेकून दे, बाकीच्या कुंड्यांना लागेल," नवरा म्हणाला. मोबाइलवर दोन फोटो बघून साहेब तज्ज्ञ झाले होते. बाबा मान खाली घालून म्हणाले, "माझ्यामुलं झाला. आता मी कंच्या झाराला हात लावनार नाय." दुसऱ्या दिवसापासून ते बाल्कनीत फिरकलेच नाहीत. सकाळपासून टीव्हीसमोर. मला झाडापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं, आणि नवऱ्याचा रागही आला. फेकून दे काय फेकून दे! आधी नीट बघू तरी.

पान चाचपलं. सडलेलं पान मऊ, ओलसर लागतं, वास मारतं. हे कोरडं होतं, कागदासारखं. चट्टाही फक्त उन्हाकडच्या बाजूला. खालची, सावलीतली पानं ठणठणीत. तरी खात्री हवी होती. कुंडी आत आणली आणि मार्करने चट्ट्याच्या कडेने रेघ मारली. रोग असेल तर डाग रेघ ओलांडेल, भाजलं असेल तर तिथेच थांबेल. नवऱ्याला बजावलं, "पंधरा दिवस या कुंडीला हात लावलास तर बघ!"

रोज सकाळी आधी पान बघायचे, मग चहा. पंधरा दिवसांत डाग केसभरही सरकला नाही. मी कुंडी नेऊन बाबांच्या पुढ्यात, टीव्ही झाकेल अशी ठेवली.

"बघा. रोगबिग काही नाही. उन्हाने भाजलंय, बस्स. डाग जाणार नाही, पण झाड जगलंय."

त्यांनी वाकून रेघेवरून बोट फिरवलं. दिसायला बरं दिसेल म्हणून मी ते पान कापायला कात्री घेतली, तसा त्यांनी माझा हात धरला.

"कापू नको, बाय. अर्धा पान अजून हिरवा हाय. त्याचा काम चालू हाय," ते म्हणाले आणि कुंडी मांडीवर ओढून घेतली.