राजाबाईचा व्हिडिओ गेम

शिवराजचा पुण्याहून फोन आला तेव्हा राजाबाई मेथी निवडत होती. पोरगा म्हणाला, "आई, दिवाळीला येतोय. माळ्यावरचं सगळं खाली काढून ठेव. निम्मं भंगारात देऊन टाकू."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला आणि मेथी तशीच टाकून ती स्टुलावर चढली. माळ्यावर मोडका टेबलफॅन होता, जुनी पातेली होती, शिवराजची शाळेची दप्तरं होती. त्यातल्या कशालाच तिनं हात लावला नाही. विटक्या चादरीत गुंडाळलेला व्हिडिओ गेम तेवढा छातीशी धरून ती खाली उतरली.

राजाबाई मूळची सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्न झाल्यावर धुळाप्पा तिला घेऊन सोलापुरात आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला आणि तिथंच माग चालवत त्याचे केस पांढरे झाले. मागांच्या खडखडाटानं पुढं पुढं कानही मंद होत गेले. राजाबाई सकाळच्या वेळी टॉवेलच्या कडा शिवायला जायची. शिवराज पाचवीत होता तेव्हा त्यानं जेवण सोडून हट्ट केला म्हणून धुळाप्पानं नवी पेठेतून हा गेम आणला. पोरगा वर्षभर खेळला, मग क्रिकेटच्या नादी लागला. त्यानंतर गेम नुसता पडून होता, असंच घरात म्हटलं जायचं.

तिनं तो टीव्हीला जोडला. पडद्यावर आडव्या रेघा आल्या. गेमची कॅसेट काढून फुंकर मारली, परत बसवली, तरी रेघाच. मग तिनं शिलाई मशीनचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गेमचं खोकं उघडलं. आत मुंग्यांनी घर केलं होतं. जुन्या ब्रशनं तिनं सगळं झाडलं. पण कॅसेट बसते त्या खाचेपाशी माती घट्ट धरली होती, म्हणून भाजीची सुरी घेऊन ती खरवडायला लागली. सुरी सटकली आणि आतल्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर कर्रकन ओरखडा उठला.

ओरखडाच तर आहे, असं म्हणून तिनं खोकं बंद केलं. पण आता पडद्यावर रेघासुद्धा येईनात. नुसता राखाडी उजेड. कुणाचं तरी लेकरू आपल्या हातून पडावं, तसं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेम टॉवेलात बांधून ती रिक्षानं नवी पेठेत गेली. पहिल्या दुकानातला पोरगा हसला. "मावशी, हे आता कोण खेळतं?" दुसऱ्यानं तर टॉवेल सोडूही दिला नाही. पण तिथंच मोबाईलचं कव्हर घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, पलीकडच्या बोळात पूनमकडे दाखवा, ती बघेल.

पूनम तिशीतली बाई. तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान एवढंसं, दोन माणसं उभी राहिली की भरलं. तिनं गेम उघडला, भिंग लावलेला दिवा खाली ओढला आणि आतली पाटी निरखायला लागली.

"मेला का ग त्यो?" राजाबाईनं विचारलं.

"नाही मावशी. हे बघा, या पाटीवर तांब्याच्या बारीक वाटा असतात. त्यातनं करंट जातो. यातल्या तीन वाटा कापल्यात. कशानं?"

"सुरीनं. माझ्याच हातनं झालं बाई."

"होतं असं. उद्या येऊन घेऊन जा."

"मी हितंच बसते की." राजाबाईनं स्टूल ओढलं. "मला काय घाई न्हाय."

पूनमनं ब्लेडच्या टोकानं ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा थर हलकेच खरवडला. खाली तांबं चमकलं. त्यावर तिनं सोल्डरचा, वितळलेल्या कथलाचा, इवलासा ठिपका दिला, केसासारखी तार घेतली आणि तुटलेल्या जागेवर पुलासारखी बसवली. मग करंट तपासायच्या मीटरच्या दोन सुया दोन टोकांना टेकवल्या. मीटर पीं करून वाजला.

"बोलला," राजाबाई म्हणाली.

"एक झाली," पूनम हसली. दुसरीही जुळली. "नातवंडांसाठी करताय का?"

"पोराचा हाय त्यो," राजाबाई म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

तिसऱ्या ठिकाणी मात्र पूनमचा हात थबकला. जुनी पाटी, उष्णता जरा जास्त झाली आणि तांब्याची ती वाट साल निघावी तशी पाटीवरून सुटून आली. पूनमनं सोल्डरिंग गन बाजूला ठेवली. गप्प राहिली असती तर राजाबाईला काहीच कळलं नसतं. पण ती म्हणाली, "मावशी, आत्ता माझ्या हातनं बिघडलं. ही वाट उपटून आली. तुमच्या सुरीनं नव्हे, माझ्यामुळं."

राजाबाईनं भिंगातून डोकावून पाहिलं. काय बघायचं ते तिला उमगलं नाही, पण पूनमचा उतरलेला चेहरा तेवढा दिसला.

"मगाशी मी म्हनलं माझ्या हातनं झालं, तवा तू काय म्हनलीस?"

"होतं असं, म्हणाले."

"मग मी बी तेच म्हनते. व्हतंय. च्या पी आदी."

बोळाच्या तोंडावरून चहा आला. दोघी प्यायल्या. बशीतला चहा संपता संपता राजाबाई आपणहून बोलायला लागली.

"पोराचा न्हाय ग त्यो. माझा हाय."

पूनमनं मान वर केली.

"ह्यांना रातपाळी असायची. सकाळी येऊन जेवायचे आन् झोपायचे. पोरगं शाळेत. मी कामावरनं यायची, भांडी, धुणं, पानी उरकायची. मग दुपारी एक घटकाभर काय बी नसायचं बघ. एकदा गेम पुसायला घेतला आन् बटन दाबलं. पाठीवर गठुडं घेतलेला एक बुटका मानूस, डोंगर चढतोय, खड्ड्यावरनं उड्या मारतोय. मला वाचता येत न्हाय. पन खड्डा कुटं हाय त्ये काय वाचायला लागतंय व्हय? रोज खेळायला लागले. माझी मीच मरायची, माझी मीच उठायची. कुनी बोलायला न्हाय, कुनी हसायला न्हाय."

"घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

"एकच खोली. हे शेजारीच झोपलेले. टीव्हीचा आवाज पार बंद करून खेळायची मी. पोराला बी तसंच खेळायला लावलेलं. लई वर्षं खेळले. मग नवीन टीव्ही आला, घर बदललं, आन् गेम गेला माळ्यावर. पोराला कसं सांगायचं, तुझी आई गेम खेळती म्हनून?"

पूनम पुन्हा दिव्याखाली वाकली, ती आता निराळ्याच मनानं. उपटलेली वाट कुठून निघून कुठं जाते हे तिनं मीटरच्या सुया टेकवत टेकवत शोधलं. पाटीच्या दुसऱ्या अंगाला एका चिपच्या पायापाशी मीटर वाजला. मग तिनं लांब तार घेतली, मोकळ्या जागेतून वळवून नेली, दोन्ही टोकं जोडली आणि मधे गरम डिंकाचा थेंब टाकून तार पाटीला चिकटवली. तापल्या डिंकाचा वास दुकानभर पसरला. खाचेतल्या पितळी पट्ट्या तिनं स्पिरिटनं एकेक करून पुसल्या. कपाळावरचा घाम पुसून तिनं गेमच्या पिना आपल्या छोट्या टीव्हीला लावल्या आणि बटण दाबलं.

आधी निळा पडदा आला. मग डोंगर आले, ढग आले, आणि गठुडंवाला बुटका येऊन उभा राहिला. त्याबरोबर दुकानात टुणटुण करत एक गाणं सुरू झालं.

राजाबाई दचकली. "ह्ये कुटनं वाजतंय?"

"गेममधलंच आहे, मावशी."

"ह्याला गानं हाय?"

राजाबाई स्टुलावर पुढं सरकली आणि टीव्हीच्या अगदी जवळ तिनं कान नेला. बुटका उभाच होता, कुणी त्याला चालवत नव्हतं, गाणं तेवढं फिरून फिरून वाजत होतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ती हसतही होती. पूनमनं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं.

घरी आल्यावर राजाबाईनं गेम लपवला नाही. सरळ टीव्हीला जोडला. धुळाप्पा खाटेवर पेपर घेऊन बसला होता, त्यानं चष्म्यावरून पाहिलं. तिनं सवयीनं रिमोट घेतला आणि आवाज शून्यावर आणला.

"आवाज सोड की," धुळाप्पा म्हणाला. "आता मी काय रातपाळी करून आलोय व्हय?"

राजाबाईचा हात तिथंच राहिला. "तुमाला... ठावं हुतं?"

"तू खड्ड्यात पडलीस की 'आगं बया' म्हनायचीस. त्यानं जाग यायची मला."

"मग बोलला का न्हाई कदी?"

धुळाप्पानं पेपरची घडी घातली. "बोललो असतो तर तू बंद केलं असतंस. येरवी दिसभर तू हसताना दिसायचीस व्हय? म्हनून डोळं मिटून पडायचो. कवा कवा बगायचो बी. त्यो दोरीचा पूल आला की तू श्वासच घेत नव्हतीस."

ती उठली, त्याच्यासाठी पाणी आणलं, आणि उगाच पेल्याची कड पदरानं पुसत उभी राहिली. मग तिनं आवाज वाढवला, चांगला मोठा, त्याच्या कानांना ऐकू जाईल इतका.

दिवाळीला शिवराज आला. आईला खाली मांडी घालून गेम खेळताना पाहून तो दारात चप्पल काढायलाच विसरला. आई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "माळ्यावरचं दे सगळं भंगारात. ह्येला हात लावू नगंस." तो हसत हसत तिच्या शेजारी बसला. दोन दिवस मायलेक पैज लावून डोंगर चढले. शिवराज दरवेळी हरला.

तो पुण्याला परत गेला तेव्हा घर पुन्हा शांत झालं. दुपारी धुळाप्पानं गेमचा दुसरा रिमोट हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मला जमंल का ग?"

"जमंल की. ह्ये दाबलं की चालतोय. ह्ये दाबलं की उडतोय."

त्याचा बुटका पहिल्याच खड्ड्यात गेला. दुसऱ्यांदाही गेला. मागाच्या धाग्यांनी घट्टे पडलेली त्याची बोटं बटणावर वेळेत पोचत नव्हती. "ऱ्हाऊ दे, तूच खेळ," तो म्हणाला.

राजाबाई सरकून त्याच्या खांद्याला खेटून बसली. "खड्डा आला की सांगते," म्हणाली. तिनं आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला, पडद्याकडे टक लावून थांबली, आणि मग दोघांनी मिळून बटण दाबलं.