मंगलाष्टकात इअरफोन

मला आवडणारे रॅपर तीन. तिघांचीही नावं मी इथं सांगणार नाही. पहिल्याचं मला अजूनही माहीत नाही. दुसऱ्याचं सांगितलं तर माझ्या वयाचे लोक हसतील. आणि तिसऱ्याचं सांगितलं तर माझ्या धाकट्या मुलीच्या मैत्रिणी घरी भांडायला येतील, कारण त्यांच्या मते तो आता संपलेला आहे. त्याला अजून धड मिशी फुटलेली नाही, पण संपलेला आहे.

पहिला भेटला आमच्या देवघरात. कळंबच्या बाजारात तेव्हा एक दुकान होतं, तिथं कोरी कॅसेट दिली की हवी ती गाणी भरून मिळायची. वडिलांनी आरत्या भरून घेतल्या. दुसऱ्या बाजूला शेवटी थोडी फीत उरली. ती रिकामी सोडणं दुकानदाराच्या जिवावर आलं असावं. त्यानं हाताला लागलं ते भरून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, टेपवरची आरती संपली, वडिलांनी डोळे मिटून हात जोडले, आणि टेपमधून एक अमेरिकन गृहस्थ आमच्या देवांवर ओरडायला लागला.

वडिलांनी डोळे न उघडता विचारलं, "कोण हाय ह्यो?"

"इंग्रजी हाय," मी म्हणालो.

"भांडतोय का?"

"गातोय."

वडिलांनी आणखी थोडं ऐकलं. "भांडतोयच. पण तालात भांडतोय. ऱ्हाऊ दे."

आणि तो राहिला. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, तेव्हा लग्नाची होती. ज्वारी पाखडायला बसली की ती ती कॅसेट लावायची आणि आरत्या पुढं पळवून थेट शेवटाला जायची. सूप त्याच्या तालावर झडायचं. अर्थ तिलाही कळत नव्हता. मी चेष्टा केली तर म्हणाली, "ह्यो गडी दम कुठं घेतो, त्येच मी बघतीय. गावंना अजून."

ही अक्का पुढं लग्न होऊन लोहाऱ्याला गेली, सासूकडून कानडी शिकली, आणि आमच्या सगळ्या भावकीची मंगलाष्टकं म्हणणारी झाली. आमच्याकडं लग्नात गुरुजी पहिलं आणि शेवटचं मंगलाष्टक म्हणतात. मधली जागा नातेवाइकांची असते. ज्याला गळा आहे तो माईक धरतो, ज्याला नाही तोही धरतो. पण अक्का मांडवात असली की माईक तिच्याकडं असतो आणि बाकीचे तिच्याकडं मागून घेतात. तिच्या मंगलाष्टकात दोन्हीकडच्या आजेसासऱ्यांपासून लहान दिरापर्यंत सगळे येतात. एकदा एका नवरदेवाला आपल्याला आणखी एक चुलते आहेत हे तिच्याकडूनच कळलं.

दुसरा रॅपर माझ्या लग्नाच्या सुमाराला आला. हिंदीत गायचा. त्याच्या पँटीत ज्वारीचं पोतं मावलं असतं. त्याच्या गाण्यात एक गाडी असायची, मग एक पोरगी, मग पुन्हा गाडी. मी तेव्हा पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं दुकान नुकतंच टाकलं होतं आणि दिवसभर तोच लावायचो. रॅपमध्ये काय सांगायचं असतं याबद्दल त्याचं काहीच म्हणणं नव्हतं. पण एसटीच्या फाट्यावर उन्हात उभं राहून त्याच्या गाड्यांबद्दल ऐकताना आम्हालाही आपलं बरं चाललंय असं वाटायचं. म्हणून तो मला आवडतो. लोकांनी हसावं.

तिसरा मला ढोकीच्या रस्त्यावर भेटला. उसाचा हंगाम होता, पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, आणि त्याच्या डेकवर हे गाणं. मराठी, आणि मराठी म्हणजे पुस्तकातली नव्हे, आपली. लई, न्हाय, व्हय, सगळं जागच्या जागी. तो पोरगा एसटीच्या वेळेबद्दल बोलत होता, मोटारीला येणाऱ्या लायटीबद्दल बोलत होता, आणि नोकरी नाही म्हणून पोरगी न देणाऱ्या सासऱ्याबद्दल. मोटरसायकलवर माझ्या मागं धाकटी बसली होती. रस्ता मोकळा दिसला तसा मी ओव्हरटेक करायला निघालो, तर तिनं माझा शर्ट ओढला.

"पप्पा, पुढं काढू नका. दुसरं कडवं ऱ्हायलंय."

आम्ही कारखान्याच्या गेटापर्यंत ट्रॉलीमागून गेलो. अंगावर पाचट उडत होतं आणि ती माझ्या कानात शब्द न शब्द म्हणत होती.

पिढ्यांचा फरक मला त्या रस्त्यावर समजला असं मी लोकांना सांगतो, पण खरं तर तो धाकटीनं समजावला. मी तिला म्हणालो होतो की तुमचे आताचे रॅपर पुटपुटतात. तोंडात थर्मामीटर धरून डॉक्टरला दुखणं सांगावं तसे. आमचा तो पहिला कसा, भिंत हलवायचा. ती म्हणाली, "त्येला अख्ख्या गल्लीला ऐकवायचं व्हतं, पप्पा. हे आमच्या कानातच बसलेत. कानात कुणी वरडतं का?"

मला ते लगेच पटलं. ते माझ्या बाबतीत क्वचित होतं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

कानाचं तिला माहीत असणारच. आमच्या दोन मुली एकाच इअरफोनवर वाढल्या. एक वायर, दोन टोकं. उजवं थोरलीच्या कानात, डावं धाकटीच्या. जेवतानाही काढायच्या नाहीत. एक पाणी आणायला उठली की दुसरीलाही फरफटत उठावं लागायचं.

थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं साडीसाठी हट्ट केला नाही, हॉलसाठी केला नाही. तिला फक्त एक पाहिजे होतं. धाकटीनं तिच्यासाठी मंगलाष्टक लिहावं, रॅपमध्ये, आणि ते आपल्याला अंतरपाट खाली पडायच्या आत पूर्ण ऐकायला मिळावं. "एकदा का अंतरपाट पडला," थोरली म्हणाली, "की मी फोटोवाल्याची, मग सासूची, मग गाडीत. मला कोण ऐकू देणार?" धाकटीनं ते लिहिलं आणि कुणालाही दाखवलं नाही. पण माईक अक्काचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी अक्का आली. पाय धुवायच्या आत धाकटीनं तिला गाठलं.

"म्हण बघू," अक्का म्हणाली.

धाकटीनं सुरुवातीच्या चार ओळी म्हणून दाखवल्या.

"ह्यात गणपती न्हाय, कुळ न्हाय, गोत न्हाय. इअरफोन हाय," अक्का म्हणाली.

"आत्या, तुमच्यात सगळे पाव्हणे असत्यात. ह्यात आमी दोघीच हाव."

"आन दम? इतकं भरभर म्हणल्यावर दम कुठं धरतीस?"

"मधी एकदा थांबते की. एकदम गप्प. मग धाडकन बीट पडतो."

"काय पडतंय?"

"बीट, आत्या."

"पडू दे. पण ध्येनात ठिव, मी बाजूला हुबी असणार. आवडलं न्हाय तर माईक काढून घीन."

"आन आवडलं तर?"

"तर न्हाय काढणार. आजून काय पायजे, आहेर?"

दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त. वर पत्रा तापलेला, खाली माणसं तापलेली. हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात ताटं मांडून आचारी वाढपाच्या तयारीत, आणि जाणते पाहुणे अक्षता मुठीत घेऊन जेवणाच्या बाजूच्या खुर्च्या धरून बसलेले. बँड आणि हलगीवाले पडद्यापलीकडं. त्यांना स्टेज दिसत नाही, ते कानानं चालतात. मामानं अंतरपाट धरला. गुरुजींचं पहिलं झालं. अक्काचं झालं, आणि ते अक्काचं असल्यामुळं बराच वेळ झालं. मग तिनं माईक धाकटीच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिली, हाताची घडी घालून. धाकटीनं फोनवर ताल लावला.

*उजवा तिच्या कानात, डावा माझ्या कानात,*
*अर्धं गाणं तिचं, अर्धं माझ्या प्राणात.*

पहिल्यांदा लोक दचकले, मग पुढच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या, मग माना हलायला लागल्या. थोरलीनं मुंडावळ्यांखालून बहिणीकडं बघितलं. धाकटीनं वेग वाढवला, आणखी वाढवला, शब्द एकावर एक चढायला लागले, आणि ऐन रंगात ती थांबली. एकदम गप्प.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. शेवटचं मंगलाष्टक गुरुजी मुहूर्त गाठायला भरभर म्हणतात. शेवटाला तर इतकं भरभर की शब्द सुटे ऐकूच येत नाहीत. मग क्षणभर शांतता, आणि वाजंत्री. ते शब्द कुणीच कधी नीट ऐकलेले नाहीत. आम्ही सगळे जन्मभर फक्त एवढंच शिकलो आहोत: माईकवर कुणीतरी श्वास न घेता बोलतंय आणि मग गप्प झालं, म्हणजे लग्न लागलं.

धाकटीची ती शांतता पुरी व्हायच्या आत हलगी कडाडली. बँड सुरू. अक्षतांचा वर्षाव. बाहेर फटाक्यांची माळ. मामानं अंतरपाट सोडून दिला, नवरदेवानं हार उचलला, आणि मागचा सगळा हॉल एकाच वेळी उठून पंगतीत जाऊन बसला. वाढपी धावले. धाकटी माईक धरून तशीच. तिचे ओठ हलत होते, म्हणजे ती अजून म्हणत होती. थोरली "थांबा, थांबा" म्हणत होती. दोघींचंही कुणाला ऐकू येत नव्हतं. त्या गडबडीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि फोन स्टेजखाली गेला.

मी पुढं झालो, पण अक्का माझ्याआधी. तिनं माईक घेतला. मला वाटलं, झालं, काढून घेतला.

"सुम्मनिरी!" ती गरजली. गप्प बसा म्हणून तिची सासू अख्ख्या घराला असंच दटवायची. कानडी कुणाला येवो न येवो, बँड थांबला.

"लगीन लागलेलं न्हाय! गुरुजी, मुहूर्ताला टाईम हाय का न्हाय?"

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "आहे थोडा."

"मग धरा ती चादर. जावईबापू, हार खाली घ्या. आमच्यात मंगलाष्टक अर्धं ठेवत न्हाईत." मग पडद्यातून डोकावणाऱ्या हलगीवाल्याकडं बोट केलं. "तू बिघडवलंस. हितं ये, आन हिला ताल दे."

हलगीवाला खाली मान घालून स्टेजवर आला. अंतरपाट पुन्हा वर गेला. अक्कानं माईक परत धाकटीला दिला. "म्हण पोरी. दम घिऊन म्हण."

समोर खुर्च्या रिकाम्या, पुढच्या दोन रांगा तेवढ्या भरलेल्या. हलगी हळू, काडीच्या टोकानं वाजायला लागली.

*दाजी, तुम्हाला एकच सांगणं,*
*ताईला लागतं सकाळी गाणं.*
*चहा उशिरा झाला तर चालंल,*
*गाणं थांबलं तर घर हालंल.*
*डावा कान आता तुमच्याकडं,*
*उजवा तिचा, ऱ्हाऊ द्या तिकडं.*
*भांडा, रुसा, पण तार नका तोडू,*
*अर्धं गाणं अर्ध्यात नका सोडू.*

थोरलीनं पूर्ण ऐकलं. मी बाजूला होतो, मला दिसत होतं. तिनं उजवा हात कानाशी नेला होता, इअरफोन निसटू नये म्हणून दाबून धरतात तसा. जावईबापू हार खाली धरून, शाळेत उभं केल्यासारखे, मान डोलवत होते.

मग गुरुजींनी शेवटचं भरभर म्हटलं, क्षणभर शांतता झाली आणि अक्का ओरडली, "सावधान!" अक्षता तर कुणाकडंच उरल्या नव्हत्या. पण पंगतीतल्या लोकांचे हात सवयीनं उठले आणि हातात होतं ते आलं. भात आला, बुंदी आली. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याच्या काचेवर वरण आलं. लग्न लागलं.

संध्याकाळी गाडी गेल्यावर अक्का धाकटीला म्हणाली, "त्या कॅसेटमधल्या गड्याइतका दम न्हाय तुझ्यात. पण जमंल. फकस्त ते मधलं गप्प बसायचं काढून टाक. आपल्या लोकांला शांतता झेपत न्हाय."

"आत्या, मजा तिथंच हाय," धाकटी म्हणाली.

गेल्या महिन्यात लोहाऱ्याला अक्काच्या पुतण्याचं लग्न झालं. थोरली आणि जावईही आले होते. अक्का नेहमीसारखी सुरू झाली. आजेसासरे झाले, चुलते झाले, मग तिचा वेग वाढला, वाढतच गेला, आणि अगदी वर चढून ती थांबली. थांबायच्या आधी मात्र तिनं डावा हात वर करून पंजा या वेळी समोरच बसवलेल्या बँडच्या दिशेला रोखून धरला होता. मागच्या खुर्च्यांवरचे अर्धे लोक उठले आणि तो पंजा बघून तसेच वाकलेले राहिले. सगळा मांडव गप्प. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या थोरलीनं हळूच उजवा कान दाबला.

अक्षतांची मूठ कुणीही उघडली नाही.